पासष्ट घंटा आणि त्या पेलणारी सहा माणसं

एका फोटोपासून सुरू करतो मित्रांनो. हा लेख त्या फोटोमुळंच डोक्यात शिरला.

फोटो चीनमधला. हुबे प्रांतात सुइजौ शहराजवळ लेइगुडुन नावाची जागा आहे. १९७७ साली लष्कराची एक तुकडी तिथं बांधकामासाठी टेकाड सपाट करत होती, तेव्हा खाली वेगळीच माती लागली. १९७८ ला नीट उकरलं तर प्रचंड थडगं निघालं. झंग नावाच्या लहानशा राज्याचा उमराव यी, त्याचं. इ.स.पू. ४३३ च्या सुमारास त्याला पुरलेलं. थडग्यात पाणी भरलं होतं आणि त्या पाण्यात लाकडाची एक मांडणी चोवीसशे वर्षं उभी ती उभीच. तिच्यावर तीन मजल्यांत टांगलेल्या कांस्याच्या ६५ घंटा. नुसत्या घंटांचं वजन अडीच हजार किलोच्या आसपास. त्यातली एक मोठी घंटा चू राज्याच्या राजानं भेट दिलेली, तिच्यावर कोरलंय म्हणून साल कळलं. बाकीच्या ६४ म्हंजे एक अख्खं वाद्य. ही घंटा गोल नसते, बदामासारखी चपटी असते. त्यामुळं आवाज घुमत राहत नाही, लगेच विरतो, आणि दुसरा सूर मोकळा वाजतो. शिवाय एकाच घंटेत दोन सूर. समोर मध्यावर मारली तर एक, कडेला मारली तर दुसरा. कुठं मारलं की कुठला सूर, ते घंटेवरच सोन्यानं भरलेल्या अक्षरांत लिहून ठेवलंय. त्याच वर्षी लोकांनी त्या वाजवून पाहिल्या. वाजल्या!

पण माझी नजर अडकली ती खाली. मांडणीच्या तुळया सहा माणसांनी पेलल्यात. माणसं कांस्याचीच. अंगात नीटनेटका पोशाख, कमरेला तलवार, हात वर आणि डोक्यावर तुळई. एकाच्याही चेहऱ्यावर ओझ्याची आठी नाही. ओतणाऱ्यानं ती दाखवायची नव्हती म्हणून दाखवली नाही.

आणि त्याच थडग्यात २१ बायकांची हाडं. बहुतेक पोरीच म्हणा, तेरा ते पंचवीसच्या घरातल्या. आठ जणी उमरावाच्या दालनात, तेरा पश्चिमेच्या दालनात. गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, सेवेतल्या असाव्यात असं अभ्यासक धरतात. मालकासोबत एक कुत्राही पुरलाय.

घंटा, पेलणारे आणि ह्या एकवीस जणी. प्राचीन चीनच्या ज्या संस्कृतीला 'ली' म्हणतात, तिच्या सौंदर्याचं बोलायचं तर हे तिन्ही एकत्र धरूनच बोलावं लागतं. पंडित मंडळी पहिल्यावर बोलतात. आपली सवय तिसऱ्यावर बोलून पहिलं फेकून द्यायची. मला दोन्ही जमेना, म्हणून हा खटाटोप.

'ली' म्हंजे काय? विधी म्हटलं तर कमी पडतं आणि शिष्टाचार म्हटलं तर पातळ होतं. पूर्वजांना नैवेद्य कसा ठेवायचा, पाहुणा आला तर कुठल्या पायरीनं चढायचं, लग्न कसं लावायचं, बाप मेला तर किती दिवस काय नेसायचं, मालकासमोर कसं वाकायचं, चटईवर कसं बसायचं, हे सगळं ली. इ.स.पू. १०४६ च्या सुमाराला झोउ लोकांनी शांग घराणं पाडलं. पुढं झोउंच्या राज्यात ही रीत पक्की होत गेली. नंतर तिचे तीन ग्रंथ झाले, यीली, झोउली आणि लीजी. हे ग्रंथ आज वाचले तर एक गोष्ट लगेच जाणवते. ह्या लोकांना डोळा होता, कान होता. वस्तू कुठं ठेवावी, किती अंतरावर ठेवावी, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी शोभतो, याची जाण भयंकर बारीक. हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता ही जाण कशी मोजली जायची ते बघा. डिंग म्हंजे मांस शिजवायचा-वाढायचा कांस्याचा हंडा, तीन पायांचा, दोन कानांचा. नंतरच्या भाष्यकारांनी लिहून ठेवलेला नियम असा, की राजाला ९ डिंग, मांडलिकाला ७, मंत्र्याला ५, खालच्या दर्जाच्या सरदाराला ३. आणि सगळे एकाच घाटाचे, एकाच नक्षीचे, आकारानं उतरत जाणारे. ओळीनं मांडलेले डिंग दिसतात मोठे देखणे. लय दिसते त्यात, एखादा ताल हळूहळू बारीक होत जावा तशी. पण ती लय म्हंजेच दर्जा. पाहुण्यानं दारातून आत येऊन हंडे मोजले की यजमान कोण आहे ते त्याला कळलं पाहिजे, तोंडानं सांगायची गरज नाही.

नाचाचंही तेच. राजापुढं नाचणाऱ्यांच्या ८ रांगा, मांडलिकापुढं ६, मंत्र्यापुढं ४, त्याच्या खालच्यापुढं २. कन्फ्यूशियसच्या (इ.स.पू. ५५१ ते ४७९) लू राज्यात जी नावाचं बडं मंत्रिघराणं होतं. त्यांनी स्वतःच्या अंगणात आठ रांगा नाचवल्या. म्हातारा भडकला. हे खपवून घ्यायचं तर मग काय खपवायचं उरलं, असं त्याचं म्हणणं. नाच वाईट झाला अशी त्याची तक्रार नव्हती, नाच बहुधा उत्तमच झाला असणार. रांगा जास्त होत्या. म्हंजे उत्तम नाचसुद्धा चुकीच्या अंगणात झाला की कुरूप.

आणि गंमत बघा. आपला हा उमराव यी, मांडलिकच की तो, सातचा धनी. त्याच्या थडग्यात डिंग निघाले नऊ! राजा दुबळा झाल्यावर जो तो एक पायरी वर चढून बसला. शिडी मात्र कोणी मोडली नाही. चढणाऱ्याला शिडी लागतेच.

चालण्याचंही सौंदर्य ठरलेलं होतं. उमराव कमरेला, छातीवर जेडच्या माळा घालत. जेड म्हंजे तो हिरवट, गार, गुळगुळीत दगड. सानमेनशियाला गुओ राज्याच्या एका उमरावाचं थडगं १९९० मध्ये उघडलं, त्याच्या अंगावर सात अर्धचंद्र ओवलेली जेडची माळ होती. चालताना हे दगड एकमेकांवर हळू आपटतात. लीजी सांगतो की तो नाद कानात असला की सज्जनाच्या मनात वाकडा विचार शिरत नाही. ऐकायला छान आहे. पण माळ जितकी लांब, तितकं पाऊल सावकाश टाकावं लागतं, नाहीतर नाद बिघडतो. खालच्या माणसाची रीत उलटी. वरच्याच्या समोरून जाताना त्यानं झपझप बारीक पावलं टाकायची, तो आदर. कन्फ्यूशियसचा मुलगासुद्धा अंगणात बापासमोरून असाच लगबगीनं जातो. सावकाश चालणं ही मिळकत होती, जमिनीसारखी. डोक्यावर भारा असलेला माणूस जेडच्या तालात चालू शकत नाही, आणि त्यानं चालून दाखवलं तर त्याला मुजोर म्हणतील.

कन्फ्यूशियसवर मात्र अन्याय नको. तो दिखाऊपणाचा वैरी होता. विधीत उधळपट्टी करण्यापेक्षा साधेपणा बरा, आणि मयताला नीटनेटकेपणापेक्षा खरं दुःख बरं, असं तो सांगायचा. माणसात माणुसकी नसेल तर ली काय कामाची, हा त्याचा सवाल. संगीताचा तर वेडा. छी राज्यात 'शाओ' नावाचं जुनं संगीत ऐकलं आणि तीन महिने मांसाची चव कळली नाही म्हणे. ह्या 'शाओ'ला तो पूर्ण सुंदर आणि पूर्ण चांगलं म्हणायचा, पण झोउंच्या विजयाचं संगीत सुंदर असूनही पूर्ण चांगलं नाही असं त्याचं मत होतं. कानाला गोड लागलेल्या गोष्टीला हा दुसरा प्रश्न विचारणारा माणूस सोपा नाही. लहानपणी आपण हलक्या स्थितीत होतो म्हणून हलकी कामं येतात, हेही त्यानं लपवलं नाही. मेलेल्यासोबत पुरायला माणसाच्या बाहुल्या करण्याची ज्यानं सुरुवात केली त्याला त्यानं शाप दिला, असं मेन्शियस सांगतो. बाहुल्यांनासुद्धा! तो गेल्यावर पन्नास वर्षंही झाली नव्हती, तेव्हा लेइगुडुनला एकवीस पोरी पुरल्या.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते सांगतो. ह्या संस्कृतीत सगळ्यात वरच्या जागी झगमगाट नाही, साधेपणा आहे. मोठ्या यज्ञात सगळ्यात मानाच्या जागी काय ठेवायचं? पाणी. त्याला 'काळी दारू' म्हणायचं, पण ते निव्वळ पाणी. उत्तम दारू त्याच्या खाली. मुख्य रस्सा अळणी, ना मीठ ना मसाला. मासा कच्चा. सगळ्यात मोठ्या जेडवर कोरीवकाम करायचं नाही. पूर्वजांच्या मंदिरातलं तंतुवाद्य जाडसर आवाजाचं, मोजकेच सूर देणारं. का? तर विधीचा उगम साधा होता, त्याची आठवण राहावी. तृष्णा भागवायला विधी नसतात, ती आवरायला असतात. मला हा विचार थोर वाटतो, खोटं कशाला बोलू. अळणी रश्श्यासमोर उभं राहून ज्याला त्यातली गोडी कळते त्याची जीभ घडलेली असते.

सुतकाचं कापड तसंच. जितकं जवळचं माणूस मेलं तितकं जाडंभरडं वस्त्र. बाप मेला तर सगळ्यात खरबरीत, कडा न दुमडलेलं, दोरे लोंबणारं. दूरचा नातेवाईक असेल तर कापड तलम होत जातं. पाच पायऱ्या. दुःख बोटांनी चाचपता यावं अशी ही योजना आहे. फाटकी कड म्हंजे आतून फाटलेला माणूस. कवीला सुचावं असं हे.

पण ते खरबरीत कापड झोउंच्या राज्यात रोज कोण नेसत होतं? पाणी आणि अळणी रस्सा रोज कोणाच्या पानात होता? उमरावानं तीन वर्षं नेसलं की ते दुःखाचं सौंदर्य, शेतकऱ्यानं जन्मभर नेसलं की ती नुसती गरिबी. कापड तेच. साधेपणा सुंदर दिसायला आधी मागं भरलेली कोठी लागते. यज्ञात पाण्याला वरची जागा मिळाली, पाणी भरणाऱ्याला मिळाली नाही.

लीजीमध्ये उघडच सांगितलंय की ली खाली सामान्य रयतेपर्यंत उतरत नाही, आणि शिक्षा वर मंत्र्यांपर्यंत चढत नाही. ह्याच्यावर पुढं झेंग श्वान (इ.स. १२७ ते २००) नावाच्या मोठ्या भाष्यकारानं कारण दिलं. रयत कामाच्या घाईत असते, आणि तिच्यापाशी लागणाऱ्या वस्तू नसतात. किती सरळ माणूस! वेळ नाही आणि वस्तू नाहीत. पण वेळ कुठं गेला आणि वस्तू कोणी केल्या, हे त्यानं विचारलं नाही.

वस्तू कोणी केल्या ते आता जमीन सांगते. शान्शी प्रांतात होउमा इथं जिन राज्याची कांस्य ओतायची जागा सापडली. तिथून मातीच्या साच्यांचे हजारो तुकडे निघाले. आधी मातीचा नमुना करायचा, त्यावर ओल्या मातीचे थर दाबायचे, ते तुकड्यातुकड्यांनी कापून काढायचे, भाजायचे, परत जुळवायचे, मधली फट बरोबर राखायची आणि मग तांबं, कथील, शिसं यांचा रस ओतायचा. फट केसभर हलली की घंटेचा सूर गेला. घंटेचा कान म्हंजे आधी ओताऱ्याचा कान. त्याच्या खूप आधी, शांगांच्या काळात, एकच डिंग ओतलाय ८३२ किलोचा. १९३९ साली आनयांगजवळ शेतात निघाला. तो ओतायला किती मुशी एकाच वेळी तापवल्या असतील, किती माणसं एका इशाऱ्यावर हलली असतील. तोही एक विधीच, त्याचा ग्रंथ मात्र झाला नाही.

कारागिराचं नाव पुढं वस्तूवर यायला लागलं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात, चिन राज्यात. मला वाटलं, चला, निदान नाव तरी आलं. मग कारण वाचलं. काम खराब निघालं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून नाव. १९७४ ला शीआनजवळ जी मातीची फौज सापडली, तिच्यातल्या पुतळ्यांवर कुंभारांची नावं आहेत आणि हत्यारांवर कामगारांची. नाव आहे, पण पकडण्यासाठी.

ह्या सगळ्याला भर दरबारी युगात एक माणूस 'नको' म्हणाला. मोझी. कन्फ्यूशियस गेल्यावर पुढच्या पिढीतला. त्याचे चेले जाडीभरडी वस्त्रं घालत, हातानं काम करत. त्याच्या नावानं जो ग्रंथ आहे त्यात संगीताच्या विरोधात एक प्रकरणच आहे. मोझी हुशार. घंटा गोड वाजत नाहीत असं तो म्हणत नाही. नक्षी देखणी नसते, भाजलेलं मांस चविष्ट नसतं, उंच माडीत गार वाटत नाही, असं काहीही म्हणत नाही. सगळं मान्य करतो. आणि मग सांगतो की भुकेल्याला अन्न नाही, गारठलेल्याला कापड नाही, दमलेल्याला विश्रांती नाही. घंटा बडवून यातलं काय मिळतं? पुढं तर तो हिशेबच मांडतो. घंटा वाजवायला म्हातारे चालत नाहीत, धडधाकट तरुण लागतात. पुरुष लावले तर नांगर थांबतो, बायका लावल्या तर माग थांबतो. छीच्या एका राजाचे नर्तक होते, त्यांना हलकं खाऊ-लेवू द्यायचं नाही, कारण मग ते दिसायला देखणे राहत नाहीत. ते स्वतः काही पिकवत नाहीत, दुसऱ्यांनी पिकवलेलं खातात.

मोझीच्याच ग्रंथात एक प्रसंग आहे. तो चू राज्यात जातो. दरबारातला माणूस म्हणतो, तुमचं बोलणं चांगलं आहे हो, पण हलक्या माणसाचं म्हणून राजा ते घेणार नाही. मोझीचं उत्तर मला फार आवडतं. राजा आजारी पडला की झाडपाल्याचं मूळ खातो, तेव्हा हे तर नुसतं गवत असं म्हणतो का? शेतकरी सारा भरतात, त्या धान्याची दारू करून तुम्ही देवाला वाहता. हलक्या माणसानं पिकवलं म्हणून देव ती नाकारतो का?

घ्या. लीच्या सगळ्या देखण्या मांडणीखालची तुळई त्यानं एका प्रश्नात हलवली.

मोझीला खरं उत्तर दिलं ते शुनझीनं, इ.स.पू. तिसऱ्या शतकात. त्यानं संगीतावर आणि लीवर स्वतंत्र प्रकरणं लिहिली. त्याचं म्हणणं, आनंद माणसाला टळत नाही. आनंद झाला की तो आवाजात आणि हालचालीत येणारच. त्याला आकार दिला नाही तर गोंधळ. दुःखालाही आकार लागतो. नुसतं काटकसरीचं राज्य केलंत तर माणसं सुकून जातील. इथं शुनझी बरोबर आहे. थोरामोठ्यांची पोरं ली पाळत नसतील तर त्यांना रयतेत ढकला आणि रयतेची पोरं शिकली तर त्यांना वर घ्या, इतकंही तो म्हणतो, आणि त्या काळात हे थोडकं नाही. पण पुढच्याच श्वासात सांगतो की यज्ञ म्हंजे सज्जनाला माणसाची रीत वाटते आणि सामान्यांना भुताखेताचं काम वाटतं. अर्थ वरच्यांना, भीती खालच्यांना. झाली वाटणी.

मी ह्या दोघांत कोणाकडं? बरेच दिवस मी डोळे झाकून मोझीकडं होतो. त्या घंटांच्या फोटोनं घोटाळा केला. मोझीचा हिशेब चोख आहे, पण त्यात एक गोष्ट त्यानं न विचारता धरली, की सौंदर्य हे उमरावांचं. म्हणून ते बंद करा. होउमाच्या ओताऱ्याला त्यानं विचारलं नाही. थंड झालेला साचा फोडून पहिल्यांदा घंटा बाहेर काढली, टोला मारला आणि सूर बरोबर लागला, तेव्हा त्या माणसाला काय वाटलं असेल? तो सूर उमरावाच्या आधी त्यानं ऐकला. घंटा गोड आहे हे मोझी मान्य करतो आणि तिथंच सोडून देतो. मला ते सोडवत नाही. घंटा वाजू नये असं मला वाटत नाही. अंगण कोणाचं आणि रांगा कोण मोजतो, एवढंच मला बघायचंय.

कारण घंटा बंद झाल्याच नाहीत. हान राजांनी इ.स.पू. १३६ मध्ये पाच अभिजात ग्रंथांचे सरकारी पंडित नेमले, आणि ली राज्याचीच झाली. ६५३ च्या तांग कायद्यात दर्जाप्रमाणं शिक्षा बदलते. मोझीचा पंथ विरून गेला. आणि विधीतलं संगीत वाजवायला माणसं लागतच होती. ती कुठून आली? उत्तरेच्या वेई राज्यात (इ.स. ३८६ ते ५३४) गुन्हेगारांच्या कुटुंबांची नोंद 'संगीत-घरं' म्हणून करायची शिक्षा निघाली. एकदा नोंद झाली की पोरानंही वाजवायचं, नातवानंही. शान्शीत मोठ्या देवकार्यात त्यांच्याशिवाय चालत नसे, आणि त्यांच्याशी सोयरीक कोणी करत नसे. मिंग काळात तर वाजवणाऱ्यांनी डोक्याला हिरवं कापड बांधायचं, लांबून ओळखू यावं म्हणून. झेजियांग प्रांतात शाओशिंगच्या भागात 'दुओमिन' म्हणून लोक होते. लग्नात वाजवणारे तेच, मयताला तेच, नवरीचे केस विंचरणाऱ्या त्यांच्याच बायका. परीक्षेला त्यांना बंदी. ज्यांच्यावाचून विधी सुंदर होत नाही, ते विधीच्या बाहेर. योंगझेंग बादशहानं १७२३ साली ह्या दोघांचाही हीन दर्जा काढला, निदान कागदावर.

लू शून हा लेखक शाओशिंगचाच. १९१८ च्या त्याच्या पहिल्या गाजलेल्या कथेतला वेडा जुनी पोथी चाळतो, तर नीतीच्या ओळींमध्ये त्याला माणसं खाल्ल्याचं लिहिलेलं दिसतं. पुढच्याच वर्षी वू यू नावाच्या विचारवंतानं लीच्या शिकवणुकीवर तोच आरोप सरळ नाव घेऊन केला. लू शूननं १९३३ मध्ये दुओमिनांवर एक छोटा लेख लिहिला. त्याच्या घरी सणासुदीला एक दुओमिन बाई ठरलेली यायची, शुभ बोलायची, कामात हात लावायची, बक्षिसी घ्यायची. राजेशाही गेल्यावर लू शूनची आई तिला म्हणाली, आता आपण सगळे सारखे, तू यायची गरज नाही. बाईच्या चेहऱ्याचा रंग पालटला. संतापली ती. हे काय बोलता, आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या यायचंच आहे, असं तिनं सुनावलं. लू शून हसत नाही तिला. थोड्याशा बक्षिसीसाठी गुलामीत समाधान मानणं, एवढंच नोंदवतो.

मी तो प्रसंग वाचून परत त्या फोटोकडं गेलो. सहा माणसं, हात वर, डोक्यावर तुळई, चेहरा शांत. वुहानच्या संग्रहालयात त्या घंटा आता काचेमागं आहेत आणि बाहेर त्यांच्या नकला वाजवतात.